बार्शीची लहान गाडी आणि कुर्डुवाडीचे हमाल

बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास सांगणारे लोक हल्लीं पुष्कळ झाले आहेत. इंजिनांचे नंबर, चाकांचीं मापें, डब्यांचे रंग हें सारें त्यांस तोंडपाठ असतें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराचें नांव तर प्रत्येकाच्या तोंडीं. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. माणूस हुशार होता, त्याचें श्रेय त्याला मिळालेंच पाहिजे. पण कुर्डुवाडीच्या यार्डांत ज्यांनीं या रेल्वेचा माल आपल्या पाठीवरून वाहिला, त्यांच्यासाठीं या इतिहासांत चार ओळीहि कोणी खर्च करीत नाहीं. त्या ओळी आमच्या वाचकांच्या घरांतूनच यावयाच्या आहेत, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम हकीकत. बार्शी हें कापसाचें आणि गळिताच्या धान्याचें जुनें पेठेचें गांव. बालाघाटावरून, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलुखांतून, गाड्या उतरत त्या बार्शीस. पण मुंबईहून मद्रासेकडे जाणारी जी. आय. पी. रेल्वे बार्शीला सुमारें २१ मैल बाजूला ठेवून गेली. स्टेशनाला नांव दिलें बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. नांव बार्शीचें आणि बार्शी गांव बैलगाडीच्या मजलेवर! जी. आय. पी.च्याच नोकरींत असलेल्या कॅलथ्रॉपनें हें पाहिलें व अडीच फुटी रुळांचा स्वस्त फांटा घालण्याची कल्पना काढली. इ. स. १८९५ त लंडनांत कंपनी उभी राहिली आणि १८९७ च्या मार्चांत गाडी सुरू झाली. त्याच वेळीं सोलापूर जिल्हा दुष्काळांत होरपळत होता. पुढें रूळ १९०६ त पंढरपुरास, १९११ त लातुरास व १९२७ त मिरजेस पोंचले. एकंदर लांबी २०२ मैल.

या गाडींतलें कसब सुताराला अगर लोहाराला चटकन् समजेल. ओझें एकाच आंसावर पडलें म्हणजे रूळ जाड लागतो. तेंच सगळ्या आंसांवर सारखें वांटून दिलें तर हलका रूळहि पुरतो. कॅलथ्रॉपनें दर आंसावर पांच टनांहून अधिक भार येणार नाहीं असें इंजिन व डबे आंखले, १८९४ त इंग्लंडांत लीड्स शहराजवळ त्यांची परीक्षा घेतली, आणि यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे रूळ पुरेसे ठरविले. इतक्या हलक्या रुळांवर एवढा मोठा माल चालूं शकतो, हें त्यानें दाखवून दिलें.

पण ओझें सारखें वांटण्याचा हा न्याय आंसांपुरताच राहिला. जी. आय. पी.चे रूळ साडेपांच फुटी, बार्शीचे अडीच फुटी. मधले तीन फूट कोणीं भरून काढले? लातुराहून निघालेली कापसाची गांठ कुर्डुवाडीस आली कीं, लहान वाघिणींतून काढावयाची आणि मोठ्या वाघिणींत चढवावयाची. मुंबईहून आलेल्या मालाची तऱ्हा उलट. दाबून बांधलेली गांठ म्हणजे सुमारें ४०० पौंड. ती एकट्याच्या पाठीची नव्हे. उन्हाळ्यांत लोखंड तापलेलें, पावसाळ्यांत फळी निसरडी. लंडनच्या कागदावर जी रेल्वे स्वस्त ठरली, तिच्या स्वस्ताईची भरपाई कुर्डुवाडीचा हमाल रोज करीत होता.

आणि त्या हमालीचा खर्च शेवटीं कोणाच्या पदरांत? भाडें वाढलें म्हणजे व्यापारी भाव कापतो. हें आमच्या शेतकरी बंधूंस शिकवावें लागत नाहीं. ज्यानें अडत, तोलाई, हमाली वजा जाऊन हातीं आलेली पट्टी एकदां वाचली आहे, त्याला सारें ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, अडीच फुटी नसती तर लातुरास त्या काळीं रेल्वेच आली नसती. हें आम्हांस मान्य आहे. घाटावरच्या मालाला मुंबईचा रस्ता याच गाडीनें उघडला. पंढरीच्या वारकऱ्यांचीहि सोय झाली. मग त्या काळच्या रेल्वे कंपन्या यात्रेच्या गर्दींत माणसांना मालाच्या वाघिणींत बसवीत, ही गोष्ट निराळी. पण लंडनच्या भागीदारांवर सारा दोष टाकून मोकळें होतां येत नाहीं. १ जानेवारी १९५४ रोजीं ही रेल्वे आपल्या सरकारनें विकत घेतली. लातूरपर्यंत रुंद रूळ पुरे झाले २००८ सालीं. मिरजेकडील भागाला त्याच्याहि पुढें दोन-तीन वर्षें लागलीं. कंपनीनें ५७ वर्षें ही गाडी हांकली, स्वराज्यानें ५४. तेवढ्या अवधींत माल ट्रकनें जाऊं लागला. ज्याला कुर्डुवाडीस उतरून पुन्हां चढावें लागतें, तो माल रेल्वेची वाट कशाला पाहील?

आतां ती गाडी गेली म्हणून कॅमेरे गळ्यांत अडकवून हळहळणारे शहरांतले लोक आहेत. आम्ही हळहळत नाहीं. रुंद रूळ आले हें योग्यच झालें. जुन्या मार्गानें बाजूला टाकलेल्या धाराशिवास या फेरबदलांत गाडी मिळाली. रामलिंगच्या घाटांतली जुनी वाट सुटली ती सुटली. पाठीवरचीं ओझीं परत यावींत असें कोणा शहाण्याला वाटेल?

मात्र ज्यांनीं तीं वाहिलीं त्यांचा हिशेब अजून झालेला नाहीं. लहान रुळांवर काम केलेले गँगमन, खलाशी, सांधेवाले, कुर्डुवाडीच्या कारखान्यांतले फिटर व लोहार अजून हयात आहेत. वाचकहो, ते तुमचेच आजे, चुलते, मामा आहेत. त्यांच्यापाशीं बसा आणि घरांत जो मुलगा किंवा मुलगी शिकत असेल तिच्याकडून त्यांचें सांगणें लिहवून घ्या. कामावर कोणत्या गांवचे व कोणत्या जातीचे लोक होते, पाण्याचा माठ सर्वांस एकच होता कीं वेगळा, कोणाचा हात वाघिणीच्या दारांत सांपडला व त्याला पुढें काय मिळालें, हें विचारा. ट्रंकेच्या तळाशीं पितळी बिल्ला किंवा पगाराचा कागद असेल तर तो भंगारवाल्यास देऊं नका. आणि मजुरी किती हें लिहितांना, मुकादमानें तींतून किती कापली तेंहि लिहा.