रिपोर्ट नॉर्मल, तरी तळपायांची आग

मधुमेहाच्या रुग्णाच्या तळपायांची रात्री आग होते, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. नसांची तपासणी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून तक्रार निकालात निघते. हे थांबले पाहिजे.

नेहमीची नर्व्ह कंडक्शन तपासणी जाड, वेगवान तंतूंची असते. गरम-गार आणि वेदना वाहून नेणारे बारीक तंतू तिच्यात दिसतच नाहीत. मधुमेहात अनेकदा तेच आधी बिघडतात. त्यांच्यासाठी उष्णतेची चाचणी आहे. पायावर ठेवलेल्या छोट्या पट्टीचे तापमान ३२ अंश सेल्सिअसपासून हळूहळू वाढवतात; ऊब जाणवताच रुग्ण बटण दाबतो. त्वचा भाजू नये म्हणून यंत्र साधारण ५० अंशांवर थांबते. ऊब फार उशिरा जाणवली, तर बारीक तंतूंवर संशय जातो.

अर्थात, ही चाचणी रुग्णाच्या लक्षावर अवलंबून असते आणि बिघाड त्वचेपासून मेंदूपर्यंत नेमका कुठे आहे, हे सांगत नाही. त्यामुळे तिच्या एकट्या आकड्यावर निदान करू नये.

यंत्र नसलेल्या ओपीडीतही कोमट व गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्या आणि एक निर्जंतुक टाचणी एवढ्यावर सुरुवात करता येते. कुष्ठरोगाचा चट्टा तपासताना डॉक्टर गरम-गार पूर्वीपासून पाहत आले आहेत. मधुमेहींच्या पायालाही ती दोन मिनिटे मिळायला हवीत. कारण ज्या पायाला ऊब कळत नाही, तो गरम पाण्याच्या शेकाने भाजला तरी कळत नाही.