टिटवीच्या घरट्याचा हिशेब

टिटवी घरटे असे बांधतच नाही. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या मुरमात ती उथळ खळगा करते, भोवती चार खडे मांडते आणि त्यात सहसा चार अंडी घालते. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची ही अंडी खड्यांत इतकी मिसळून जातात की दोन हातांवरूनही दिसू नयेत. साइडपट्टी, नव्याने सपाट केलेला भूखंड, लोहमार्गाची खडी या उघड्या जागा तिला पसंत पडतात, कारण तेथून शत्रू दुरूनच दिसतो. परंतु जो रंग कावळ्याला व मुंगसाला चकवतो, तोच ट्रकचालकालाही चकवतो.

अशा घरट्यांपैकी किती यशस्वी होतात? प्रश्न सोपा वाटतो; हिशेब मात्र फसवा आहे. पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास सापडलेले घरटे अनेक संकटांतून आधीच तरलेले असते. दुसऱ्याच दिवशी चिरडलेले घरटे कोणाच्या वहीत चढतच नाही. पाच वर्षे टिकलेली दुकाने तेवढी मोजून ‘या बाजारात बुडत कोणीच नाही’ असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

ही चूक १९६१ मध्ये हॅरॉल्ड मेफिल्ड या अमेरिकी गृहस्थाने दुरुस्त केली. ते व्यवसायाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हते. काचसामान बनवणाऱ्या कंपनीत अधिकारी होते. मिशिगनमधील कर्टलंड वॉर्बलर या जमिनीवरच घरटे करणाऱ्या पक्ष्याचा अभ्यास करताना त्यांनी घरटी मोजण्याऐवजी दिवस मोजले. समजा, दहा घरट्यांवर मिळून शंभर दिवस नजर ठेवली आणि त्यांत पाच नष्ट झाली, तर रोजची तूट पाच टक्के. व्यापाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण टिटवीची अंडी उबण्यास सुमारे २८ दिवस लागतात आणि ही तूट चक्रवाढीने वाढत जाते. रोज पाच टक्के तूट असेल, तर शंभरांतून जेमतेम २४ घरटी तरतात. दोन टक्के असेल, तर ५७.

म्हणजे रोजचा धोका थोडा जरी घटला, तरी अखेरची शिल्लक दुपटीहून अधिक होते. मुंगूस, कुत्री, गुरे आपल्या हाती नाहीत. गोदामाच्या आवारातील मुरूम कधी सपाट करायचा, हे मात्र हाती आहे. रात्री टिटवी ओरडली की अपशकुन म्हणून तिला हुसकावणारे लोक अजूनही भेटतात. वास्तविक बिचारी अंड्यांवर पहारा देत असते. भर दुपारी ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. तिला वारंवार उठवले, तर ती उन्हातच भाजून निघतील.

अंडी उचलून ‘सुरक्षित’ जागी ठेवण्याच्या भरीस पडू नये. रोलर फार तर चार आठवडे थांबवावा लागतो. पिल्ले बाहेर आली की लवकरच आईबापांमागे चालू लागतात आणि जागा आपोआप मोकळी होते.