शिबिर नको, पगार द्या

दवाखान्यात महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. औषधं लिहून झाली की पेशंट उठता उठता म्हणतात, "डॉक्टर, वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. जेवणावळीपेक्षा काहीतरी समाजोपयोगी करावं म्हणतोय. गावाकडे एक आरोग्य शिबिर घेऊ या का? तुम्ही यायचंच." कुणाची साठी असते, कुणाचा मुलगा अमेरिकेहून पैसे पाठवणार असतो. भावना खरी असते, पैसेही कष्टाचे असतात. तरीही मी "नाही" म्हणतो आणि माणसं हिरमुसतात. दर वेळी उभ्या उभ्या समजावणं जमत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

शिबिरात काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. मंडप, बॅनर, त्यावर सात-आठ फोटो, दीपप्रज्वलन, सत्कार. अकरा वाजता सुरू व्हायचं ते साडेबाराला सुरू होतं. मग तीन तासांत अडीचशे माणसं तपासायची. रांगेत उन्हात उभं राहून आलेल्या आजींचं बीपी जास्त निघतं. एकदा मोजलेल्या बीपीवरून रक्तदाब आहे असं ठरवता येत नाही, तो पुन्हा वेगळ्या दिवशी मोजावा लागतो. पण पुन्हा मोजायला तिथे कोण असणार? आजींना दहा गोळ्यांची पट्टी मिळते. समजा त्यांना खरोखरच रक्तदाब आहे. मग अकराव्या दिवशी काय? रक्तदाबाची गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. दहा दिवस गोळी खाल्ल्याने आजींना एकच फायदा होतो, आपला इलाज झाला असं वाटून त्या सरकारी दवाखान्यात जात नाहीत. याला फायदा म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

रक्तक्षयाचं, म्हणजे ॲनिमियाचं, उदाहरण याहून बोलकं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना ॲनिमिया आहे. हा महाराष्ट्र, बिहार नव्हे. शिबिरात मुलींचं हिमोग्लोबिन तपासतात, आठ-नऊ निघतं, लोहाच्या गोळ्या वाटतात, फोटो निघतो. आता त्या गोळीचं पुढे काय होतं ते बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत मळमळतं, शौचाला काळं होतं. ते काळं होणं निरुपद्रवी आहे, पण हे कुणी सांगितलेलं नसतं. आजी म्हणते, "गरम पडतेय, बंद कर." मुलगी गोळी चहाबरोबर घेत असेल तर चहामुळे लोह नीट शोषलंही जात नाही. हिमोग्लोबिन भरून यायला दीड-दोन महिने लागतात आणि ते भरल्यावरही शरीरातला साठा व्हावा म्हणून साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. म्हणजे चार-पाच महिने दर आठवड्याला कुणीतरी त्या घरी जाऊन विचारायला हवं. "घेतलीस का? मळमळतंय? मग जेवल्यावर घे. काळं झालं तर घाबरू नको." गोळी स्वस्त आहे, सरकार ती शाळेत आणि अंगणवाडीत फुकट देतं. दुर्मीळ आहे ती दर आठवड्याला जाऊन विचारणारी बाई.

तुमचे पैसे त्या बाईसाठी द्या, एवढंच मला आज सांगायचं आहे. अशा बायका नेमणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि त्यांच्या पाठीशी वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या छोट्या संस्था तुमच्या-माझ्या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांना वर्गणी मिळत नाही कारण त्यांच्याकडे फोटो काढण्यासारखं काही नसतं.

हे हवेतलं बोलणं नाही. महाराष्ट्रानेच हे जगाला दाखवलं आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली गेले. त्यांनी गावागावांतल्या बायका निवडल्या. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. त्यांना बाळंतपण, जुलाब, आहार, लसीकरण यांचं शिक्षण दिलं. सुरुवातीला त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. मोठं हॉस्पिटल बांधून हे झालेलं नाही. बाळाला जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी पाजायचं आणि स्तनपान चालू ठेवायचं, हे शेजारच्या घरातली बाई रात्री दोन वाजताही सांगू शकते. माझा दवाखाना त्या वेळी बंद असतो.

गडचिरोलीचं काम तर आकड्यानिशी तपासलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, ताप मोजणं, थंडीत गुंडाळून ठेवणं, श्वास मोजणं. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल तर तो धोक्याचा इशारा असतो, हे ओळखायला घड्याळ आणि लक्ष लागतं, पदवी लागत नाही. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायलाही त्या शिकल्या. ('बारावी नापास बाई इंजेक्शन देते' म्हणून आमच्याच डॉक्टर मंडळींनी नाकं मुरडली होती, ते असो.) शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. खर्च आला एका बाळामागे सुमारे पाच डॉलर. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम सरकारने देशभर सुरू केला.

"हे सरकारचं काम आहे, आम्ही कर भरतो," असं जे म्हणतात त्यांनी ही दोन वर्षं लक्षात घ्यावीत, १९९९ आणि २०११. काम सरकारचंच आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण सरकारला ते कसं करायचं हे आधी कुणीतरी एका तालुक्यात करून, चुकून, मोजून दाखवावं लागतं. आणि कार्यक्रम सुरू झाल्यावरही पाड्यावरची आशा खरोखर पोहोचते का, तिच्याकडे थर्मामीटर आहे का, तिचे पैसे थकले आहेत का, हे विचारणारं कुणीतरी गावात लागतं. दान देणं म्हणजे सरकारला सूट देणं नव्हे. ज्या संस्था गावात काम करतात त्याच ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत भांडतातही.

आता मुलींच्या शाळेकडे येतो. डॉक्टरने शाळेबद्दल कशाला बोलायचं, असं काहींना वाटेल. १७५ देशांची आकडेवारी घेऊन २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. १९७० ते २००९ या काळात जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे जेवढे मृत्यू कमी झाले, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा बायकांचं शिक्षण वाढल्याचा होता. असा परिणाम दाखवणारं औषध माझ्या कपाटात नाही.

तरी आपल्याकडे काय होतं? शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत. गावात शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत. हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर. एसटीचा पास मुलींना फुकट आहे, पण एसटी यायला हवी ना! घरात मुलगी वयात आली की आईबापांना रस्त्याची भीती वाटते. बीड भागात तर ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि आईबाप पाच-सहा महिने कारखान्यावर जातात. मोठ्या मुलीला सोबत न्यायचं तर फडात सुरक्षितता नाही, गावात ठेवायचं तर सांभाळणार कोण? म्हणून लग्न. शिवाय मुकादम उचल देतो ती जोडप्याला, म्हणजे एका 'कोयत्या'ला. लग्न झालं की घरात नवा कोयता तयार. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं, असं त्याच पाहणीत दिसलं. पाचात एक.

सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेल्या मुलीचं स्वतःचं शरीर अजून भरत असतं. हिमोग्लोबिन आधीच कमी. तिला गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका जास्त, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यता जास्त. ते बाळ जगलं तर बहुधा अंगणवाडीच्या तक्त्यावर कुपोषित म्हणून लागतं. ती मुलगी असेल तर पुन्हा चौदाव्या वर्षी शाळेबाहेर. ही साखळी मी औषधाने कुठे तोडू? ती दहावीच्या वर्गात तुटते.

पैठण तालुक्यात पाचोडला एका आरोग्य संस्थेने हे करून पाहिलं. शाळा सुटलेल्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळी तासाभराचा वर्ग, वर्षभर. शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. आरोग्य, हिशेब, कायदा, आपलं म्हणणं मांडायचं कसं, असे साधे विषय. आईबापांशी सतत बोलणं. त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय चार वर्षांत सोळावरून सतरावर आलं. एकच वर्ष? होय. एक वर्ष उशिरा लग्न, एक वर्ष उशिरा बाळंतपण, आणि तेही गावातल्या सगळ्या मुलींचं. तुम्हाला ते किरकोळ वाटत असेल तर तुमच्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीकडे पाहा.

आता या सगळ्यात खर्च कशावर झाला? मानधनावर. बाईच्या, शिक्षिकेच्या, त्यांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्याच्या, त्याच्या मोटरसायकलच्या पेट्रोलवर. आणि नेमके हेच देणगीदाराला नको असतं. "माझ्या शंभर रुपयांतले किती थेट गरिबाला पोचतात? पगारात जाता कामा नयेत हं." हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. तुम्ही माझ्याकडे येता, मी वीस मिनिटं तपासून सांगतो की औषधाची गरज नाही. तेव्हा तुम्ही म्हणता का की फीतले शून्य रुपये औषधावर गेले, म्हणजे डॉक्टर चोर? मग खेड्यात उन्हातान्हात फिरणाऱ्या बाईचा पगार 'वायफळ खर्च' कसा? ती बाई म्हणजेच काम. वह्या, दप्तरं, ब्लँकेटं वाटणं हे सोपं, मोजता येतं, नाव छापता येतं. दप्तराअभावी शाळा सुटलेली मुलगी मला क्वचितच भेटली आहे.

कंपन्यांचा पैसाही बहुतेकदा इमारत, ॲम्ब्युलन्स, शौचालय अशा पाटी लावता येणाऱ्या गोष्टींत जातो. परदेशी निधीचा कायदा २०२० मध्ये बदलला. आता असा निधी मिळालेल्या मोठ्या संस्थेला त्यातला वाटा खेड्यातल्या छोट्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. कायद्याच्या हेतूबद्दल वाद घालणाऱ्यांनी घालावा. तालुक्याच्या ठिकाणी तीन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेसाठी त्याचा अर्थ एवढाच, की आता तुम्ही-आम्हीच उरलो.

"पण संस्था पैसे खातात!" काही खातात. काही डॉक्टरही कट खातात, म्हणून तुम्ही तपासणी सोडत नाही, चांगला डॉक्टर शोधता. तसंच करा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि लेखापरीक्षण झालेला जमाखर्च मागा, चांगली संस्था तो लगेच देते. पण कागदांवर थांबू नका. एखाद्या रविवारी स्वतः जा, न सांगता गेलात तर उत्तम. काम करणाऱ्या बायका त्याच गावातल्या आहेत का, किती वर्षं टिकल्या आहेत, त्यांना मानधन वेळेवर मिळतं का, हे त्यांनाच विचारा. आणि संचालकांना विचारा, मागच्या वर्षी काय फसलं? जो म्हणेल काहीच नाही, त्याला पैसे देऊ नका. जो पंधरा मिनिटं फसलेल्या गोष्टी सांगेल त्याच्याकडे चहा प्या.

जामखेड, गडचिरोली ही नावं मी पुरावा म्हणून घेतली. पैसे तिकडेच पाठवा असं माझं म्हणणं नाही. तुमच्या गावाजवळ, जिथे तुम्ही वर्षातून एकदा जत्रेला जाता, तिथे कुणीतरी मुलींचा संध्याकाळचा वर्ग चालवत असेल, ऊसतोड कामगारांच्या मुलांना हंगामात सांभाळत असेल. प्राथमिक शाळेच्या बाईंना किंवा आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असतं.

रक्कम एकदम मोठी देण्यापेक्षा दर महिन्याला द्या, पाचशे असले तरी चालतील. पाचशेंवर संस्था चालत नाही, पण असे चाळीस लोक दर महिन्याला ठरलेले असले की संचालकाला पुढच्या वर्षीही बाई ठेवता येईल हे आज सांगता येतं. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा म्हणजे विसरायला होणार नाही. करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही हेही माहीत असू द्या. अमेरिकेतल्या मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, संस्थेला त्यासाठी वेगळी परवानगी लागते. आधी विचारून घ्या.

पैसे पाठवताना सोबत दोन ओळी लिहा, ही रक्कम मानधनासाठी वापरली तरी आमची हरकत नाही. वडिलांचं नाव कुठे लावायचा आग्रह धरू नका. आणि शिबिराचा मंडपवाला ठरवून झाला असेल तर इसार परत मिळतो का ते बघा.