काचेचे सोवळे

‘बीअर आंबवायची ती काचेत. प्लॅस्टिकच्या बादलीत होते ती बीअर नव्हे, सांडपाणी!’ असे छातीठोकपणे सांगणारा एक पंथ अमेरिकेतील हौशी बीअरकरांत आहे. या पंथाला मठ नाही, पण महंत पुष्कळ आहेत. नवा माणूस दारात दिसला की त्याच्या कानात पहिला मंत्र फुंकला जातो तो भांड्याचा. पाणी कसे आहे, जव कोणते घेतलेस, हात धुतलेस का, हे सारे मागाहून. आमच्या मराठी मंडळींपैकी जे इथे या छंदाला लागले आहेत, त्यांनी तर हा मंत्र विलक्षण तत्परतेने उचलला. त्याचे मला नवल वाटत नाही. का वाटत नाही ते पुढे सांगणारच आहे. परंतु हा मंत्र खोटा आहे, आणि नुसता खोटा असता तर मी लेखणी उचलली नसती. तो घातक आहे.

प्रथम एक खुलासा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून घरी बीअर करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी दादरच्या स्वयंपाकघरात प्रयोग मांडू नयेत. मी राहतो मिलवॉकीत. इथेही हे स्वातंत्र्य फार जुने नाही. १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करण्याची मुभा मिळाली, बीअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. एकाच प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोघे किंवा अधिक असतील तर २००. विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर आपल्या नागरिकांना २०१३ पर्यंत तिष्ठत ठेवले.

आता मूळ मुद्दा. मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड काढा काढायचा, हॉप्सची फुले घालून तो तासभर उकळायचा, निववायचा, आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते; मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड देते. हे काम आठ-पंधरा दिवस चालते. या अवधीत भांड्याकडून आपल्या अपेक्षा चार: त्याने नको ते जंतू दडवू नयेत, बाहेरची हवा आत घेऊ नये, पेयात आपले काही मिसळू नये, आणि करणाऱ्याच्या जिवावर उठू नये. पंथाचे लोक पहिल्या तिन्हींवर तासन् तास बोलतात. चौथीवर त्यांची वाचा बसते.

पहिली अपेक्षा स्वच्छतेची. काच गुळगुळीत, तिला ओरखडा पडत नाही. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वस्ती करतात, असा आक्षेप आहे. ओरखड्यांची गोष्ट खरी. पण ते पडतात कशाने? तारेच्या घासणीने. प्लॅस्टिकची बादली घासायची नसतेच. धुण्याच्या सोड्याच्या जातीच्या क्षारात रात्रभर भिजत घालायची आणि मऊ फडक्याने पुसून घ्यायची. रुंद तोंडाच्या बादलीत कोपरापर्यंत हात जातो आणि कानाकोपरा डोळ्यांना दिसतो. काचेच्या त्या अरुंद गळ्याच्या बुधल्यात हात जात नाही. लांब दांड्याचा ब्रश घालून अंदाजाने खरवडत बसावे लागते. जे नीट धुता येत नाही ते अधिक स्वच्छ, हा न्याय कुठला?

शिवाय बीअर नासते कशाने, याचा निकाल लुई पाश्चरने केव्हाच लावून ठेवला आहे. १८६० च्या सुमारास त्याने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीची काचेची पात्रे घेतली, त्यांत काढा उकळला आणि तो तसाच ठेवला. हवा आत जाऊ शकत होती, पण धूळ आणि जंतू त्या वाकणात अडकत. काढा नासला नाही. मग त्याने मान मोडली, आणि काढा नासला. काच तीच होती! बिघडवणारी गोष्ट बाहेरून आली, आणि ती अडवण्याचे काम काचेने केले नव्हते, नळीच्या आकाराने केले होते. त्याच पाश्चरने १८७६ साली बीअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्यांनी त्याच्या नावाने काचेची पूजा मांडली आहे त्यांनी त्याचा प्रयोग पुन्हा एकदा वाचावा.

दुसरी अपेक्षा हवेची. काचेतून प्राणवायू जात नाही. प्लॅस्टिकमधून थोडा थोडा झिरपतो. बादलीच्या पॉलिथिलीनमधून अधिक, पेटमधून पुष्कळ कमी. हे मला मान्य आहे. पण आंबण्याची क्रिया जोरात असते तेव्हा यीस्ट प्राणवायू स्वतःच शोषून घेते आणि भांड्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडत असतो. पंधरवड्याच्या मुक्कामात झिरपणाऱ्या हवेपेक्षा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात बीअर खळखळा ओतताना कितीतरी अधिक हवा तिच्यात मिसळते, आणि ते ओतणारे हात काचवाल्यांचेही असतात. वर्ष वर्ष मुरवायची आंबट बीअर करणाऱ्याने काच घ्यावी. तिथे तिचा उपयोग आहे. पण शंभरांतले किती जण वर्षभर थांबतात? आणि गंमत अशी की, ज्या बेल्जियन लांबिक बीअरचे नाव हे लोक कानाची पाळी धरून घेतात, ती लाकडी पिंपांत तीन तीन वर्षे मुरते. आणि लाकूडही श्वास घेते.

तिसरी अपेक्षा विषाची, म्हणजे विष नसण्याची. ‘प्लॅस्टिक’ हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. पण प्लॅस्टिक हे एका वस्तूचे नाव नाही, ते एका मोठ्या गोतावळ्याचे नाव आहे. बिसफेनॉल-ए या ज्या द्रव्यावरून आरडाओरड झाली, आणि ज्याच्यावर युरोपात २०११ साली तान्ह्या मुलांच्या बाटल्यांपुरती बंदी आली, ते पॉलिकार्बोनेटमध्ये असते. बीअरची बादली पॉलिकार्बोनेटची नसते. ती असते घट्ट जातीच्या पॉलिथिलीनची. कार्ल झिग्लर या जर्मन रसायनज्ञाने १९५३ साली ते साध्या दाबाखाली करण्याची युक्ती काढली आणि त्याबद्दल १९६३ चे नोबेल पारितोषिक इटलीच्या नात्ताबरोबर वाटून घेतले. अमेरिकेत दुधाचे गॅलनचे कॅन याच पॉलिथिलीनचे असतात. ज्या हाताने आमचे मित्र मुलांना त्यातले दूध ओतून देतात, तोच हात उगारून मला प्लॅस्टिकच्या विषाविषयी व्याख्यान देतात! बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा आहे का, किंवा पेटचे भांडे असल्यास १ आहे का, आणि ते अन्नासाठी केलेले आहे का, एवढे पाहावे. रंगाची रिकामी बादली उचलून आणणाऱ्याची बाजू मी घेत नाही.

यावर शेवटचे अस्त्र बाहेर येते ते परंपरेचे. कोणती परंपरा? इंग्लंडात यॉर्कशरमध्ये बीअर दगडी पाट्यांच्या चौकोनी हौदांत आंबली. टॅडकॅस्टरला आजही आंबते. इतरत्र ती शतकानुशतके लाकडात आंबली. काचेचा हा बुधला, ज्याला इथे ‘कारबॉय’ म्हणतात, तो बीअरच्या घरचा नव्हेच. नावही इंग्रजी नाही. फारसीतल्या ‘कराबा’चा तो अपभ्रंश. तो वावरला औषधवाल्यांकडे आणि तेजाबाच्या कारखान्यांत. आमच्या मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथ कंपनीने १९३० नंतरच्या दशकात बीअरच्या टाक्यांना आतून काचेचा लेप दिला, हे उदाहरण मला हटकून ऐकवले जाते. पण त्या काचेच्या पाठीशी पोलाद होते. ती टाकी कोणी ओल्या हातांनी उचलून जिना चढत नव्हते.

आणि इथे आपण चौथ्या अपेक्षेपाशी येतो. पाच गॅलनचा काचेचा कारबॉय रिकामा असतानाच सहा किलोंच्या आसपास भरतो; भरला की पंचवीस. त्याला कान नाहीत, कडी नाही. तो धुताना साबणाचे पाणी, उचलताना ओले हात, खाली तळघरातली सिमेंटची जमीन. उकळता काढा नीट न निववता ओतला तर तो तडकतो. टेकवताना खड्यावर टेकला तरी तडकतो. आणि तो फुटतो तेव्हा कपासारखा फुटत नाही. हातभर लांबीचे सुरे होऊन फुटतो.

आमच्या मंडळातल्या एका मराठी मित्राच्या हातून तो असाच निसटला. बुधला जमिनीवर पडला, आणि आधार द्यायला पुढे झालेला त्याचा उजवा तळहात त्यावर. स्नायूंचे दोर तुटले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्याचा अंगठा आजही पुरता मिटत नाही, सदऱ्याचे बटण तो डाव्या हाताने लावतो. हा गृहस्थ मंडळात आला तेव्हा बादलीच घेणार होता. महंतांनी त्याला हसून परावृत्त केले. अपघातानंतर त्याच महंतांनी काढलेला निष्कर्ष मी स्वतःच्या कानांनी ऐकला: ‘त्याने हातमोजे घालायला हवे होते.’ देव पावला नाही तर भक्ताचेच काहीतरी चुकले! जी वस्तू हाताळायला हातमोजे, दप्तराच्या पट्ट्यांसारखे पट्टे आणि वरून दुधाचा क्रेट लागतो, ती वस्तू नवशिक्याच्या गळ्यात बांधताना यांना संकोच कसा वाटत नाही?

वाटत नाही, कारण हा प्रश्न त्यांच्या लेखी स्वच्छतेचा नाहीच. तो सोवळ्याचा आहे. आणि म्हणूनच आपल्या माणसांना तो इतक्या चटकन पटला. कावळा शिवलेल्या बाईने बरणीला हात लावला की लोणचे नासते, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. लोणचे नासत होते ओल्या डावाने आणि कमी पडलेल्या मिठाने. शिक्षा मात्र बाईला. ओला डाव पाहायला डोळे उघडे ठेवावे लागतात, रोज काळजी घ्यावी लागते. सोवळ्याला तसले काही लागत नाही. भांडे शुद्ध, हात शुद्ध, जात शुद्ध, एवढे एकदा ठरले की विचार करण्याची जबाबदारी संपली. मी अशी काचेची ‘शुद्ध’ बीअर प्यालो आहे, जिच्या रबरी नळीत मागच्या खेपेचा गाळ वाळून चिकटलेला होता. बुधला लखलखत होता!

खरे म्हणजे जुन्या घरांत याहून शहाणपणाचा एक नियम होता. तांब्या-पितळेचे भांडे विटाळले तर घासून घेत. मातीचे मडके विटाळले तर फोडून टाकीत. विटाळाची कल्पना सोडून द्या, पण मडके पाणी पिते आणि पितळ पीत नाही, ही त्यातली पारख घ्या. प्लॅस्टिकची बादली मडक्याच्या कुळातली आहे. तिचे वय असते. ओरखडे दिसू लागले, वास धुऊन जाईना, की तिला बीअरमधून निवृत्त करून धान्य ठेवायला लावावी. काही जण विचारतील, महाराष्ट्राने २०१८ साली प्लॅस्टिकवर बंदी घातली, आणि तुम्ही त्याची तळी उचलता? ती बंदी पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर होती. वर्षानुवर्षे वापरायच्या बादलीला त्या पंक्तीला बसवणे हा पुन्हा नावावरून न्याय करण्याचाच प्रकार झाला. ज्याच्या खिशाला परवडते त्याने पोलादाचे भांडे घ्यावे. ते फुटत नाही आणि ओरखड्यांना सहसा दाद देत नाही. ते घेणाऱ्याशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते नवख्या माणसाला घाबरवणाऱ्यांशी. दहा-पंधरा डॉलरची बादली घेऊन, जपून धुऊन, चांगली बीअर करणारा माणूस तुमच्या बैठकीत येतो आणि त्याचा पेला ओठाला लावण्यापूर्वी तुम्ही विचारता, ‘कशात केलीस?’ महाराज, आधी चव तरी घ्या! आणि उद्या कोणी तुमच्याकडे सल्ला मागायला आला, तर काचेचे गुण गाण्यापूर्वी त्याला आमच्या मित्राचा अंगठा दाखवा. एवढे दाखवूनही त्याने काचच घेतली, तर ती त्याची खुशी.