संस्था संपली, निवृत्त उरले

सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्यांची संघटना काय करते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. निवृत्तिवेतन, वैद्यकीय बिले, वार्षिक सभा आणि दिवंगत सहकाऱ्यांना श्रद्धांजली. ‘यूएसएड’ या अमेरिकी मदत संस्थेच्या निवृत्तांची संघटनाही, पुस्तकचर्चा आणि तरुण अधिकाऱ्यांना मार्गदर्शन एवढी भर सोडली तर, फारशी निराळी नव्हती. १ जुलै २०२५ रोजी ही संस्था परराष्ट्र खात्यात विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. ज्या खात्याचे आपण ‘माजी’ म्हणवतो ते खातेच शिल्लक नाही, अशी अवस्था फार थोड्या पेन्शनरांच्या वाट्याला येते.

अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात स्थापन केलेली ही संस्था अवघ्या काही महिन्यांत मोडीत निघाली. २० जानेवारी २०२५ रोजी, सत्ताग्रहणाच्या दिवशीच, अध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर केले. दहा हजारांहून अधिक कर्मचारी होते. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेबाहेर काम करीत. वॉशिंग्टनच्या मुख्यालयातून वैयक्तिक सामान उचलण्यासाठी फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांना जेमतेम पंधरा मिनिटे देण्यात आली आणि बाहेर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवून त्यांना निरोप दिला.

या काळात बोलणार कोण, हा प्रश्न होता. सेवेत असलेल्यांची तोंडे बंद होती. कमी केलेले नव्या नोकरीच्या शोधात होते. कंत्राटी संस्थांना उरलेल्या कंत्राटांची चिंता होती. निवृत्तांचे वेतन मात्र कायद्याने बांधलेले. संस्था बुडाली म्हणून ते बुडत नाही. साहजिकच निर्धास्तपणे बोलू शकणारा हा एकच वर्ग उरला. धाकट्या बुश यांच्या रिपब्लिकन कारकीर्दीत संस्थेचे प्रमुख असलेले अँड्र्यू नॅटसिओस यांनीही या निर्णयाला उघड विरोध केला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावाशी वडिलांकडून नाते असलेले डॉ. अतुल गावंडे जानेवारी २०२५ पर्यंत संस्थेच्या आरोग्य विभागाचे प्रमुख होते. तेही सातत्याने लिहीत, बोलत राहिले.

परंतु निषेधापेक्षा महत्त्वाची गोष्ट दप्तराची आहे. संस्थेचे संकेतस्थळ बंद झाले, तसे तिच्या सहा दशकांच्या कामाचे अहवाल असलेले सार्वजनिक भांडारही दिसेनासे झाले. इथिओपियातील दुष्काळानंतर १९८५ मध्ये सुरू झालेली दुष्काळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा जानेवारीच्या अखेरीस अंधारात गेली. तिचे काम पुढे अंशतः सुरू झाले. कार्यालयातील कागद फाडण्याच्या आणि जाळण्याच्या सूचनेवरून प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा मूळ नोंदी सुरक्षित असल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. तो मान्य केला तरी कागदावर कधीच न आलेल्या गोष्टींचे काय? कोणत्या बंदरात धान्य अडते, कोणता जिल्हाधिकारी ऐकतो, कोणती योजना कागदावर यशस्वी ठरून गावात फसली, हे माणसांनाच ठाऊक असते.

या बाबतीत निवृत्तांनी वेळीच काही केले होते, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मौखिक इतिहासाच्या संग्रहात मदतकार्यातील अनेकांच्या दीर्घ मुलाखती आहेत. जॉन नॉरिस यांचा संस्थेचा विस्तृत इतिहास २०२१ मध्ये, म्हणजे संस्था संपण्यापूर्वी चारच वर्षे, प्रसिद्ध झाला.

अर्थात निवृत्तांच्या आठवणी जशाच्या तशा स्वीकारण्याचे कारण नाही. निवृत्तीनंतर प्रत्येकाला आपली कारकीर्द थोडी उजळ दिसते. याच संस्थेने १९७४ पर्यंत परदेशी पोलिसांना प्रशिक्षण देण्याचा वादग्रस्त कार्यक्रम चालवला. आणि १९६५-६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी आपल्याला गव्हाच्या एकेका बोटीसाठी कसे तिष्ठत ठेवले, हे भारताने विसरावे असे नाही. मदत देणाऱ्याच्या हातात दोरी असतेच. खुद्द नॅटसिओस यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या निबंधात, हिशेब आणि मोजमापाच्या हट्टापायी खरे विकासकार्य गुदमरते, अशी आपल्याच यंत्रणेची झाडाझडती घेतली होती. अशी कबुली देणारा निवृत्त, स्तुती करणाऱ्यापेक्षा इतिहासाच्या अधिक उपयोगाचा.

या दप्तराशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. तारापूर अणुवीज केंद्रासाठी याच संस्थेने सुमारे आठ कोटी डॉलरचे नाममात्र व्याजाचे कर्ज दिले होते. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ मध्ये केलेल्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीमागेही तिचेच अर्थसाहाय्य होते. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये, भारतातील मतदान वाढविण्यासाठी २.१ कोटी डॉलर दिले जात होते, असा दावा वॉशिंग्टनमधून झाला आणि आपल्याकडे राजकीय पक्षांनी एकमेकांवर चिखलफेक केली. आपल्या अर्थ मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ७५ कोटी डॉलरच्या सात प्रकल्पांची नोंद होती. मतदानाचा त्यांत उल्लेख नव्हता. हा पैसा कोठे आला आणि कोठे गेला, हे हिशेबाचा माणूस तासाभरात सांगू शकला असता. पण त्याच सुमारास अशी माणसे घरी पाठवली जात होती.

आणखी एक गोष्ट चर्चेत सहसा येत नाही. परदेशातील कार्यालयांत काम करणाऱ्यांत मोठी संख्या त्या त्या देशातील लोकांची होती. लेखापाल, कृषी अधिकारी, दुभाषे, वाहनचालक. अमेरिकी अधिकारी काही वर्षांनी बदलून जात. स्थानिक माणूस मात्र तेथेच राही आणि नव्या साहेबाला सारे पुन्हा समजावून सांगे. ज्या मुलाखती जतन झाल्या, त्यांत बोलणारे बहुतांशी ते साहेब आहेत. दिल्लीच्या कार्यालयात उमेदीची वर्षे घालवलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांचे म्हणणे नोंदवून घेण्याचे काम वॉशिंग्टनच्या निवृत्तांनी करावे, अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. ते आपल्या विद्यापीठांच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांचे काम. १९६६ च्या टंचाईत पंचविशीत असलेला कारकून आज पंच्याऐंशीच्या घरात आहे.