विश्लेषण : तिरंगा घराघरांत पोहोचला, पण १६ ऑगस्टनंतर त्याचे काय?

ऑगस्ट उजाडला की ‘हर घर तिरंगा’ मोहिमेची लगबग सुरू होते. टपाल कार्यालयापासून सिग्नलवरच्या विक्रेत्यापर्यंत सगळीकडे ध्वज मिळू लागतात. गेल्या काही वर्षांत ध्वज कोणी, कधी आणि कोणत्या कापडाचा लावावा याचे नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले. मात्र उत्सव संपल्यावर त्या ध्वजाचे काय करायचे, याचा नियम असूनही त्यासाठीची व्यवस्था तोकडी आहे.

ध्वजाचे नियम नेमके कुठे आहेत?

तीन ठिकाणी. पहिला म्हणजे १९५० चा बोधचिन्हे आणि नावे (गैरवापर प्रतिबंध) कायदा, जो ध्वजाचा व्यापारी वापर रोखतो. दुसरा १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा. ध्वज सार्वजनिक ठिकाणी जाळणे, फाडणे, पायदळी तुडवणे यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. तिसरी, २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेली भारतीय ध्वजसंहिता. ध्वजसंहिता हा संसदेने केलेला कायदा नाही, त्या सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. म्हणूनच तिच्यात बदल करायला संसदेत विधेयक आणावे लागत नाही, गृह मंत्रालयाचा आदेश पुरतो. २०२१ आणि २०२२ मधले बदल असेच झाले.

तिरंग्याची रचना कशी ठरली?

काँग्रेसच्या १९२१ मधील बेझवाडा (आताचे विजयवाडा) येथील बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना ध्वजाचा आराखडा दाखवला. त्यातून पांढरा, हिरवा, लाल पट्टा आणि चरखा असलेला ध्वज आकाराला आला. तेव्हा रंगांचा अर्थ धर्मसमूहांशी जोडला जात होता. त्यावरून वाद झाल्याने १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम स्वीकारला आणि रंगांना धार्मिक अर्थ नसल्याचे स्पष्ट केले.

त्याआधी, १९२३ मध्ये, चरख्याचा हा ध्वज मिरवणुकीने नेण्याच्या हक्कासाठी नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज यांच्यासह शेकडो सत्याग्रहींना अटक झाली. पुढे वल्लभभाई पटेल यांनी या लढ्याची सूत्रे हाती घेतली. आज ध्वज लावण्यासाठी मोहीम काढावी लागते. शंभर वर्षांपूर्वी तो हातात धरला म्हणून तुरुंगात जावे लागत होते.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने जवाहरलाल नेहरू यांनी मांडलेला ठराव मंजूर केला. तीन समान आडवे पट्टे, मध्ये सारनाथच्या सिंहशीर्षावरील चक्राच्या नमुन्याचे गडद निळे चक्र आणि रुंदी-लांबीचे २:३ प्रमाण हे सारे त्यात आहे. हे चक्र चरख्याचे प्रतीक असेल, असेही ठरावात म्हटले आहे. प्रत्यक्ष चरखा ध्वजावरून गेल्याने गांधीजी मात्र नाराज होते.

ठरावात कापडाचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नेहरूंनी सभागृहात दाखवलेले ध्वज खादीचे होते, पण खादीची सक्ती आली ती नंतरच्या नियमांतून. देशात वस्तूंची मानके ठरू लागली तेव्हा ‘आयएस १’ हा पहिला क्रमांक १९५१ मध्ये ध्वजालाच मिळाला. रंगाची छटा, धाग्यांची संख्या, रंगाचा पक्केपणा, शिलाई असे सगळे त्यात ठरवून दिलेले आहे.

सामान्य नागरिकाला हक्क कधी मिळाला?

२००२ पूर्वी खासगी व्यक्तीला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडून घरावर किंवा कारखान्यावर ध्वज लावता येत नव्हता. उद्योजक नवीन जिंदल यांनी रायगढ (आता छत्तीसगड) येथील कारखान्यावर ध्वज लावला, त्याला अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये निकाल जिंदल यांच्या बाजूने लागला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तो खटला सुरू असतानाच २००२ ची ध्वजसंहिता आली आणि वर्षभर ध्वज लावण्याची मुभा मिळाली.

२३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. सन्मानाने ध्वज फडकवणे हा अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र हा हक्क निरंकुश नाही, त्यावर वाजवी निर्बंध असू शकतात, असे न्यायालयाने म्हटले. हक्क आणि जबाबदारी यांची सांगड या निकालातच आहे.

२०२१ आणि २०२२ मध्ये काय बदलले?

३० डिसेंबर २०२१ च्या आदेशाने हाताने कातलेल्या-विणलेल्या ध्वजासोबत यंत्रावर बनवलेल्या ध्वजालाही मान्यता मिळाली. कापसाचे, लोकरीचे, रेशमी आणि खादीचे कापड पूर्वीही चालत होते, आता पॉलिएस्टरही चालू लागले. जुलै २०२२ मध्ये दुसरा बदल झाला. एरवी ध्वज सूर्योदय ते सूर्यास्त फडकवण्याचा नियम होता. मोठ्या उंच स्तंभांवर रात्री प्रकाशव्यवस्था करून ध्वज ठेवण्यास २००९ मध्ये परवानगी मिळाली होती. आता घरावर किंवा उघड्यावर लावलेला ध्वज दिवस-रात्र ठेवता येतो.

त्यानंतर लगेच, १३ ते १५ ऑगस्ट २०२२ दरम्यान, पहिली ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली. टपाल खात्याने २५ रुपयांना ध्वज विकले. पॉलिएस्टरच्या ध्वजालाही जीएसटीतून सूट असल्याचे अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले. थोड्या दिवसांत कोट्यवधी घरांना पुरेल एवढे ध्वज केवळ हातमागावर तयार होणे अशक्य होते, हा या बदलामागचा व्यावहारिक मुद्दा मान्य करावा लागतो.

मग खादी केंद्रांचा आक्षेप काय?

हुबळीतील बेंगेरी येथे कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे ध्वजनिर्मिती केंद्र आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीही ध्वज तयार करते. सूतकताई, विणकाम, रंगाई, चक्राची छपाई, शिलाई आणि तपासणी अशा टप्प्यांतून एक ध्वज जातो. यातील बरेचसे काम ग्रामीण भागातील महिला करतात. या केंद्रांचा मोठा हंगाम १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीचा. यंत्रावर विणलेला स्वस्त ध्वज नेमका याच हंगामात बाजारात उतरला. या निर्णयाविरोधात २०२२ मध्ये हुबळीत आंदोलनही झाले.

प्रश्न फक्त रोजगाराचा नाही, दर्जाचाही आहे. मानकानुसार बनलेल्या खादी ध्वजात चक्र मधोमध आणि दोन्ही बाजूंनी जुळणारे असावे लागते. घाईने छापलेल्या ध्वजांत चक्र सरकलेले, पट्टे कमी-जास्त, २४ आऱ्यांचा हिशेब चुकलेला असे प्रकार दिसतात. ते बाजारात येण्याआधी रोखणारी तपासणी त्यांच्या वाटेत नाही.

प्लास्टिकला बंदी, पॉलिएस्टरला परवानगी?

एकदाच वापरून फेकल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. कानकोरणी, फुग्यांच्या काड्या यांच्यासोबत त्या यादीत प्लास्टिकचे ध्वजही आहेत. ते कुजत नाहीत आणि सन्मानाने नष्टही करता येत नाहीत, असे गृह मंत्रालयही राज्यांना पाठवलेल्या सूचनांत सांगत आले आहे.

अडचण अशी, की पॉलिएस्टर हाही खनिज तेलापासून बनणारा कृत्रिम धागा. तोही कुजत नाही, जाळला तर वितळतो आणि घातक धूर सोडतो. तो कापड असल्याने बंदीच्या यादीत येत नाही. पण तीन दिवस लावून काढून टाकला, तर कचरा म्हणून त्याची गत प्लास्टिकपेक्षा फार वेगळी नाही.

घरी ध्वज लावताना काय पाळायचे?

केशरी पट्टा कायम वर. भिंतीवर उभा लावायचा असेल, तर समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे केशरी. ध्वज फाटका, मळका किंवा चुरगळलेला नको. त्याच काठीवर दुसरा ध्वज नको, आणि शेजारी दुसरा ध्वज असेल तर तो तिरंग्यापेक्षा उंच नको. ध्वजावर नाव, घोषणा किंवा जाहिरात छापायची नाही. ध्वज जमिनीला वा पाण्याला टेकू द्यायचा नाही. कमरेखालच्या पोशाखात, रुमालावर, उशीवर तो वापरता येत नाही.

सर्वाधिक मोडला जाणारा नियम वाहनांचा. मोटारीवर ध्वज लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री, न्यायाधीश अशा ठरावीक पदांनाच आहे. दुचाकीला बांधलेला ध्वज कितीही अभिमानाने लावला असला, तरी तो या नियमात बसत नाही.

जुन्या, फाटक्या ध्वजाचे काय करायचे?

चांगल्या स्थितीतला ध्वज टाकायचा नाही, जपून ठेवायचा. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजू आत घेत चक्र वर दिसेल अशी घडी करायची. खराब झालेला ध्वज एकांतात, संपूर्णपणे आणि शक्यतो जाळून किंवा प्रतिष्ठेला साजेशा अन्य रीतीने नष्ट करावा, असे संहिता सांगते. कागदी ध्वजही रस्त्यावर टाकता येत नाहीत.

हा नियम लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर सुती ध्वज होता. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत पॉलिएस्टरचा ध्वज ‘एकांतात जाळणे’ ना सुरक्षित आहे ना सोयीचे. त्यामुळे अनेक ध्वज नाइलाजाने कचऱ्यात जातात किंवा खिडकीच्या गजाला चिंध्या होईपर्यंत लटकत राहतात. ध्वज दिवस-रात्र ठेवण्याच्या मुभेमुळे तो उतरवण्याची ठरलेली वेळही उरलेली नाही.

पुढे काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. काही सामाजिक संस्था १५ ऑगस्टनंतर रस्त्यावरचे ध्वज वेचतात, पण हे काम स्वयंसेवकांवर सोडून भागणार नाही. ज्या टपाल कार्यालयांनी ध्वज विकले, ती ते परत घेऊ शकतात. प्रभाग कार्यालये आणि शाळा संकलन केंद्रे होऊ शकतात. पॉलिएस्टरच्या विल्हेवाटीची स्वतंत्र पद्धत संहितेत घालायला गृह मंत्रालयाचा एक आदेश पुरेसा आहे; कापड बदलायलाही तेवढाच लागला होता. सरकारी खरेदीत खादी ध्वजाला ठरावीक वाटा दिला, तर नांदेड-हुबळीच्या केंद्रांनाही आधार मिळेल.

तोवर ग्राहकाच्या हातात एक साधा पर्याय आहे. दरवर्षी नवा स्वस्त ध्वज घेण्याऐवजी एकदाच चांगला सुती किंवा खादीचा घ्यावा, १५ ऑगस्टनंतर घडी घालून कपाटात ठेवावा आणि २६ जानेवारीला तोच पुन्हा लावावा.