वाईन, मिरी आणि आपलं नाक

मैत्रिणींनो, आधीच सांगते, मी दारूबंदीसाठी मोर्चे काढणारी बाई. बचत गटातल्या कितीतरी जणींचे संसार बाटलीपायी मोडलेले जवळून पाहिलेत. त्यामुळे माझी भाची नाशिककडच्या एका वायनरीत, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तेव्हा सगळ्यांत आधी नाक मुरडलं ते मीच. "एम.एस्सी. होऊन हेच का?" असं तोंडावर विचारलंसुद्धा.

दिवाळीत ती आली. म्हणाली, "मावशी, पिऊ नकोस. नुसता वास घे." ग्लासात बोटभर लाल वाईन होती. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या उत्तर भागातली, सिराह जातीच्या द्राक्षांची. ग्लास नाकाशी नेला आणि चमकलेच. चक्क काळी मिरी! नुकतीच भरडलेली. मागून जांभळासारखा वास, किंचित धुरकट.

"मिरी घातलीय का गं?"

ती हसली. द्राक्षाच्या सालीतच रोटंडोन नावाचं द्रव्य असतं म्हणे. मिरीचा वास त्याचाच. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. लिटरभर वाईनमध्ये ग्रॅमचे अवघे १६ अब्जांश असले तरी नाकाला कळतं. गंमत म्हणजे, पाचांतल्या साधारण एकाला हा वास येतच नाही.

थंड हवेत हे द्राक्ष सावकाश पिकतं. साखर बेताची राहते, आंबटपणा टिकतो, मिरीही जास्त जाणवते. तेच ऑस्ट्रेलियातल्या उष्ण बरोसा खोऱ्यात गेलं की वाईन दाट, मुरांब्याच्या वळणाची होते. तिथे त्याचं नावही शिराझ. आपण नाही का, माहेरी एक आणि सासरी एक!

हे सगळं ती इतकं रंगून सांगत होती, आणि मला आठवत होती तिला नाकारणारी दोन स्थळं. "दारूच्या कारखान्यातली मुलगी नको." त्यातल्या एका घरी तर मुलाचे वडीलच रोज संध्याकाळी 'बसणारे'! आणि ही? चव पाहिलेली वाईन थुंकून टाकायची, हा तिच्या कामाचा नियम.

माझं मत बदललेलं नाही. दारू कितीही कमी घेतली तरी ती सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. वाईनही त्यात आलीच. "वाईन म्हणजे औषध" असं कुणी म्हणालं, तर मी आजही भांडेन. पण आपला लढा व्यसनाशी आहे, शिकलेल्या मुलीच्या नोकरीशी नाही.

पुढच्या बैठकीला मी तिला बोलावलंय. वाईनवर नाही, प्रयोगशाळेतल्या कामावर बोलायला. आपापल्या मुलींना घेऊन या. एखादीला मिरीचा वास येत नसेल, तर त्यात तिचा दोष नाही. पण मुलीचे कष्ट समोर दिसत असताना नाक मुरडलं, तर तो दोष आपलाच की!